बाकावर बसून ऐकलेली सादरीकरणे : अनुभव धागा

सत्राच्या शेवटी होणाऱ्या गट-सादरीकरणांविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा सादर करणाऱ्यांच्या बाजूचे असते : पाय कसे लटपटले, प्रोजेक्टर ऐनवेळी कसा बंद पडला, गुण किती मिळाले. या धाग्यात मला दुसरी बाजू हवी आहे. वर्गमित्रांनी एखादा सामाजिक प्रश्न मांडला तेव्हा बाकावर बसून आपण काय ऐकले, काय पटले नाही आणि घरी जाताना डोक्यात काय राहिले, ते लिहावे. विदर्भातल्या तालुक्याच्या आणि खेड्यांतल्या महाविद्यालयांत शिकलेल्यांनी आवर्जून लिहावे, कारण आमच्याकडे ‘चालू सामाजिक प्रश्न’ वर्तमानपत्रातून जितका येतो त्याहून जास्त शेजारच्या बाकावरून येतो. महाविद्यालयाचे आणि व्यक्तींचे नाव टाळावे. सुरुवात मीच करतो.

बी.ए. अंतिम वर्ष, यवतमाळ जिल्हा

पाच जणांच्या गटाने शेतकरी आत्महत्या हा विषय घेतला, तेव्हा वर्गातून हलकासा सुस्कारा निघाला होता, कारण दरवर्षी कोणीतरी तो घेतेच. पहिल्याने आमच्याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह केलेल्या आत्महत्येपासून सुरुवात केली, दुसऱ्याने २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसाचा आणि नंतरच्या गुलाबी बोंडअळीचा इतिहास सांगितला, तिसऱ्या मुलीने २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावल्याचे सांगितले. हे सारे आम्हाला माहीत होते, आणि खरे सांगायचे तर मागच्या दोन रांगांत कुजबुज चालू होती.

चौथा मुलगा ‘पात्र-अपात्र’ या मुद्द्यावर, म्हणजे आत्महत्येनंतर कुटुंब सरकारी मदतीला पात्र ठरते की नाही यावर, बोलला. तो तिन्ही वर्षे माझ्यासोबत एकाच एसटीने येत होता आणि वर्गात क्वचितच तोंड उघडत असे. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणारी मदत एक लाखाची असते, त्यातले तीस हजार हाती येतात आणि सत्तर हजार ठेवीत जातात. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असेल तरच ते कर्ज म्हणून मोजले जाते. गावातल्या बिनपरवाना सावकाराकडून तोंडी बोलीवर उचललेले पैसे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. आणि मक्त्याने किंवा बटईने दुसऱ्याचे वावर वाहणाऱ्याकडे सातबारा नसल्यामुळे तो आयुष्यभर शेतात राबूनही कागदावर शेतकरी ठरत नाही, हे त्याने एकदाही कागदाकडे न पाहता सांगितले. कोणता दाखला तलाठ्याकडून आणायचा, कोणता सोसायटीतून, शवविच्छेदनाचा अहवाल किती दिवसांनी मिळतो, हेही त्याला पाठ होते. सरांनी संदर्भग्रंथ विचारला. तो म्हणाला, “पुस्तक नाही सर, आमच्या घरी फाइल आहे.”

त्यानंतर पाचव्या मुलाने ‘उपाययोजना’ वाचून दाखवल्या, त्यातली एकही मला आठवत नाही. पुढे बसमध्ये मी त्या चौथ्या मुलाला विचारले की हा मुद्दा गटाने तुझ्यावर टाकला का. त्याने तो स्वतःहून मागून घेतला होता. “दुसऱ्यानं चुकीचं सांगतलं असतं ना बे,” एवढेच तो बोलला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

बी.एस्सी., अकोला जिल्हा

आमच्या वर्गातील सर्वांत चांगले सादरीकरण प्रोजेक्टरशिवाय झाले, कारण वीज गेली होती. विषय होता खारपाणपट्टा, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला तो भाग, जिथे जमिनीखालचे पाणीच खारे आहे. मुलींनी प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, एक गावातल्या हातपंपाच्या पाण्याची आणि दुसरी नळयोजनेच्या पाण्याची. दोन्हींत कपड्याच्या साबणाचे सारखे तुकडे टाकून त्यांनी त्या हलवल्या आणि बाकांवरून फिरवल्या. नळाच्या पाण्याला फेस आला. हातपंपाच्या पाण्यावर पांढरट साका तरंगू लागला. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हाच प्रयोग आहे आणि त्यावरचा प्रश्न आम्ही परीक्षेत सोडवलेलाही होता, पण आपली माय धुणे धुताना ज्या पाण्याला रोज बोल लावते तेच हे पाणी, हे तोवर कोणाच्या लक्षात आले नव्हते.

मला त्यातला शेतीचा भाग अधिक महत्त्वाचा वाटला. विहिरीला पाणी असूनही ते पिकाला देता येत नाही, दिले तर चोपण होऊन जमीन कडक पडते, त्यामुळे या पट्ट्यातला शेतकरी विहीर असूनही कोरडवाहूच राहतो आणि पावसाचे गोडे पाणी साठवणारे शेततळे हाच त्याचा आधार असतो. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगणे किती अवघड आहे, हे मी पुण्याच्या पाहुण्यांसमोर अनुभवले आहे. मात्र या पाण्याशी जोडल्या जाणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजारावर बोलताना गट घाईत होता. कोणाच्या घरी डायलिसिसचे रुग्ण आहेत, असे विचारून त्यांनी हात वर करायला लावले. तसे करायला नको होते. तीन हात वर आले आणि त्यानंतर कोणालाच प्रश्न विचारावासा वाटला नाही.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, बुलढाणा जिल्हा

मी बाकावरची नसले तरी मागच्या खुर्चीवर बसून शेकडो सादरीकरणे ऐकली आहेत, म्हणून लिहिते. पाचांतले तीन गट ‘मोबाइलचे दुष्परिणाम’, ‘वृक्षतोड’ किंवा ‘प्लॅस्टिकमुक्ती’ घेतात, त्यांची सुरुवात ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशी होते आणि ज्या गावात सायंकाळी सातनंतर एसटी नाही तिथली मुले धकाधकीबद्दल बोलतात. हे विषय मुलांना आवडतात असे नाही. त्यांनी कोणी दुखावत नाही म्हणून ते निवडले जातात. जातीवर बोलणारा गट मला सतरा वर्षांत दोनदा मिळाला आणि त्यापैकी एकदा मीच, ‘विषय जरा सौम्य करा,’ असे सुचवले होते. तेव्हा ते मला शहाणपणाचे वाटले होते.

बी.ए. द्वितीय वर्ष, गडचिरोली जिल्हा

विषय दारूबंदीचा होता. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून बंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यामुळे तुलना आयतीच मिळाली होती. गावातले दुकान बंद करण्यासाठी महिलांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडायची पद्धत त्यांनी नीट समजावून सांगितली. चूक एका चित्रात झाली : ‘अवैध दारू’ या शीर्षकाखाली त्यांनी मोहफुलांनी भरलेल्या टोपलीचे छायाचित्र लावले होते.

दुसऱ्या रांगेतील माडिया आदिवासी मुलगी उभी राहिली. मोहफूल आम्ही वेचतो, वाळवतो, खातो, बाजारात विकतो, देवाला वाहतो, मग टोपलीच गुन्हेगार कशी, असा तिचा मुद्दा होता. पण मध्येच शब्द न सुचल्याने ती आपल्या बोलीत गेली आणि मॅडमनी तिला ‘मराठीत सांगा’ म्हटले. माझ्या घरी झाडीबोली बोलली जाते आणि फळ्याजवळ उभे राहिल्यावर मीही वर्तमानपत्रासारखे बोलू लागतो, तेव्हा परक्या भाषेत बोलणारी ती एकटी नव्हती. तिचे बोलणे संपल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या तिच्या मुद्द्यासाठी होत्या की तिने मराठी निभावून नेल्याबद्दल होत्या, याची मला आजही शंका आहे.

तिचे सारे मला पटले, असेही नाही. आमच्या गावातील बचत गटाच्या बायांनी दारूसाठी आंबवलेल्या मोहाच्या सडव्याचे मडके फोडले, त्यात माझी माय पुढे होती आणि त्यामागे तिची स्वतःची कारणे होती. वर्गात मी हे बोललो नाही. बोलायला हवे होते.

अकरावी, वाशीम जिल्हा

बालविवाहावर आमच्या मैत्रिणींचा गट बोलला. चौघींचा गट तिघींवर आला होता, कारण चौथीचे लग्न दिवाळीच्या सुट्टीत झाले होते आणि ती सतरा वर्षांची होती. ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे त्यांनी कार्डशीटवर लाल स्केचपेनने लिहिले होते आणि खाली १०९८ हा मुलांसाठीचा मदत-क्रमांक मोठ्या आकड्यांत होता. तो तक्ता तिच्या हाताने, लग्नाच्या आधी तयार झाला होता. आम्ही सगळ्यांनी त्या लग्नात पंगत जेवली होती.

बी.ए. प्रथम वर्ष, चंद्रपूर जिल्हा

वर बुलढाण्याच्या मॅडमनी सुरक्षित विषयांबद्दल लिहिले आहे. ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ हा आमच्याकडे तसाच नेहमीचा विषय असून गटाने ताडोब्याच्या वाघाची उत्तम छायाचित्रे लावली होती. मात्र पहिल्याच बाकावर आमच्या गावचा एक जण डोके टेकवून गाढ झोपला होता. सरांनी त्याला उठवून विचारले, तेव्हा त्याने सांगितले की धान निसवले आहे आणि रानडुकरांमुळे तो आठ दिवसांपासून रात्री वावरात जागलीला जातो आहे. सर ओशाळले आणि त्याला समोर येऊन बोलायला सांगितले.

तो पाचेक मिनिटे बोलला. वाघाबद्दल एक शब्दही नव्हता. डुकरे बांधीत शिरली की धान खाण्यापेक्षा तुडवण्याने जास्त जाते, नुकसान झाल्यावर तीन दिवसांत तक्रार द्यावी लागते, आणि त्या तीन दिवसांत शनिवार-रविवार आला की काय होते, हे त्याने सांगितले. गटातील मुलीने प्रामाणिकपणे विचारले की मग तुम्ही आवाज करणारे यंत्र का लावत नाही. लावले होते, तो म्हणाला. चार दिवस डुकरे भ्याली, पाचव्या दिवशी त्यांना सवय झाली आणि झोप फक्त आमची गेली. वर्ग हसला, तोही हसला, आणि सरांची परवानगी घेऊन मागच्या बाकावर पुन्हा झोपायला गेला.