पेव पुन्हा खणावे का? छोट्या शेतकऱ्याच्या हिशेबाने

मूळ मत, कोपरखैरणे
आमच्या मंगळवेढ्याकडे रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदमच बाजारात येते आणि भाव पडतो. पूर्वी ती पेवात जाई. कोरड्या, घट्ट जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा हा खड्डा शेणमातीने लिंपून, तळाला व कडेने कडबा लावून भरला आणि तोंड बंद केले, की आतला प्राणवायू संपत जातो आणि कीड औषधावाचून मरते. भाडे नाही, बारदान नाही. छोट्या शेतकऱ्याला माल थांबवता यावा यासाठी पेवांना अनुदान द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

नौपाडा, ठाणे
मी सहमत नाही. कडेचा थर ओल धरून काळा पडतो आणि ती घट हेच पेवाचे भाडे. शिवाय पेव उघडले की आत हवा शिरते. दोन पोती काढून बाकीची तशीच ठेवता येत नाहीत. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीच्या पेवांमध्ये 2005 च्या महापुरात पाणी शिरले, हेही विसरू नये. छोट्या शेतकऱ्याला नड असते ती रोख पैशाची. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत गोदामात ठेवलेल्या तूर-सोयाबीनवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने मिळते; पेवातल्या ज्वारीवर कोण देणार?

वाशी
तारणासाठी माल गोदामापर्यंत न्यावा लागतो, आणि दहा पोत्यांच्या धन्याला टेंपोभाडे व हमाली परवडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुगीत पडत्या भावाने ज्वारी विकून पावसाळ्यात तीच किराणा दुकानातून चढ्या भावाने घेणाऱ्या घराचा तोटा तुम्ही दोघांनीही धरलेला नाही. खाण्यापुरते धान्य घरीच राहावे, मात्र हवाबंद पिशव्यांत. तत्त्व पेवाचेच, पण एका वेळी एकच पिशवी उघडता येते.

कोपरखैरणे
खाण्याच्या धान्यापुरते हे मला मान्य आहे, फक्त उंदरांपासून पिशव्या जपाव्या लागतील. विक्रीच्या धान्याबाबत मी पेवाचा आग्रह सोडत नाही, पण ते एकट्याचे नसावे. वस्तीतल्या शेतकऱ्यांनी उंचवट्यावर सामाईक पेव करावे आणि भरतानाच प्रत्येकाचे वजन, ओलावा व प्रत वहीत लिहावी. उघडल्यावर हवा खेळू देऊन, दिवा आत सोडून तो तेवतो का हे पाहिल्याखेरीज कोणालाही आत उतरवू नये, कारण कोंडलेल्या हवेने माणसे दगावलेली आहेत. उपसा भाद्रपद-आश्विनात करावा, कारण रब्बीच्या बियाण्या-खताला पैसा तेव्हाच लागतो.