रिव्ह्यू लिहायचाय, पण ‘नाद खुळा’च्या पुढं गाडी सरकंना

राजारामपुरीकर:
भावांनो, सल्ला पाहिजे. चप्पल लाईनमधनं कापशी म्हणजे कोल्हापुरी चपलेतला एक प्रकार घेतला आणि घरातली वॉशिंग मशिन दुरुस्त करून घेतली. दोन्हीचे रिव्ह्यू टाकायचेत. मशिनवाला म्हटला, पाच स्टार द्या, १०० रुपये कमी करतो. काय लिहू?

कटवाला:
‘नाद खुळा’ वाचून कुणाला काय कळणार? मी मिसळीबद्दल लिहितो तेव्हा कट किती जहाल, जादा रश्श्याचे पैसे लावतात का आणि रविवारी किती ताटकळायला लागतं एवढंच लिहितो. चव ज्याची त्यानं बघावी.

वादी_आणि_अंगठा:
चपलेचं एवढ्यात लिहूच नका. नवी कापशी चावतेच. पहिल्याच दिवशी पाय सोलला म्हणून एक स्टार देणाऱ्यांना काय म्हणावं! तेल लावा, थोडी थोडी वापरा, पायात बसली की मग लिहा. आधी उलटी करून बघा. अस्सल जोड चामड्याच्याच वादीनं शिवलेला असतो, त्यात खिळा नसतो. तुमच्यात नायलॉनचा दोरा दिसला तर तसं सांगा. थरांच्या मधी पुठ्ठा भरलाय का, तेही कडेनं दिसतं. बुटाचा नंबर किती आणि चपलेचा कितवा बसला, पाय रुंद आहे का, हे बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला सगळ्यात उपयोगी. किंमत लिहाल तर महिना-साल पण टाका.
आणि ‘अथणीचा माल म्हणजे डुप्लिकेट’ असलं काही नको. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते आपल्याकडच्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांना मिळून. त्यात बेळगाव जिल्हा आहे, म्हणजे अथणी आलीच.

शाहूपुरी_गल्ली:
१०० रुपये घेऊ नका. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस १९०००:२०२२. विकत घेतलेले रिव्ह्यू त्यात बसत नाहीत.
मशिनचं लिहिताना काय बिघडलं, कुठला पार्ट बदलला, जुना दाखवला का आणि फोनवरचा आकडा नि बिलावरचा आकडा, एवढं पुरे. ‘चोर’, ‘लुटारू’ नको, आकडे बोलतात. दुरुस्तीला आलेल्या पोराचं नाव, मोबाईल नंबर टाकू नका. पैसे परत पाहिजे असतील तर रिव्ह्यूनं काही होत नाही, १९१५ ला फोन लावा. ग्राहक हेल्पलाइन आहे ती.

राजारामपुरीकर:
चप्पल राहू दे पावसाळ्यापर्यंत. मशिनचं हे बघा:
“फ्रंट लोड, पाणी बाहेर जात नव्हतं. ड्रेन पंप बदलला, जुना दाखवला. फोनवर १,२०० सांगितले, बिल १,६५० झालं. विचारल्यावर ‘लेबर वेगळं’ म्हटला. सांगितलेल्या वेळेला आला, जाताना फरशी पुसून गेला. पाच स्टारसाठी १०० रुपये सूट देत होता, घेतली नाही. तीन स्टार.”

कटवाला:
हे झकास.

शाहूपुरी_गल्ली:
पंपाला वॉरंटी किती दिली? बिलावर लिहून दिलीय का? तेवढं घाला आणि टाका.