बालगृहातील मुलांना नाटक आणि वहीगायनाची ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न (जळगाव): आमच्या परिसरातील बालगृहात राहणाऱ्या किशोरवयीन मुलांना नाटक व वहीगायनासारख्या खानदेशी लोककलांची गोडी लागावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (धुळे): अधीक्षकांशी बोलून बालकल्याण समितीची परवानगी आधी घ्यावी. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार या मुलांची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. त्यामुळे प्रयोग कितीही रंगला तरी त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

उत्तर (अमळनेर): माझ्या मते वहीगायनापासून आरंभ करावा. ते समूहाने गायचे असल्याने बुजरे मूलही इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळू शकते, आणि ज्यांच्या घरी अहिराणी बोलली जात होती त्यांना ती भाषा पुन्हा हक्काने उच्चारता येते. नंदुरबारकडील मुले असतील तर भिली, पावरी या आदिवासी बोलींतील गीतांनाही तेवढाच मान द्यावा. मात्र स्वतःच्या आयुष्यातील दुःख रंगमंचावर मांडण्याचा आग्रह कोणालाही करू नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. ठरावीक वारी, खंड न पडता जाता येईल अशीच आखणी करते.