‘स्ट्रेन’ला काय म्हणावे: वाण, कुळी की उपप्रकार?

अक्षरवेल:
एका आरोग्यविषयक मासिकासाठी लिबियातील बेनगाझी प्रकरणावरचा लेख मी मराठीत आणत आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. १९९८ साली तिथल्या बालरुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांनी ती जाणूनबुजून केली असा आरोप ठेवून न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावला. पुढे मुलांच्या रक्तातील विषाणूची जनुकीय क्रमवारी वाचून संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की हा ‘स्ट्रेन’, म्हणजे त्याच विषाणूचा थोडा वेगळा भेद, हे परदेशी कर्मचारी मार्च १९९८ मध्ये तिथे रुजू होण्याच्या आधीपासूनच पसरत होता. ‘स्ट्रेन’साठी मी ‘वाण’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘प्रजाती’ केले आणि समासात लिहिले, ‘वाण संक्रांतीला लुटतात.’ मला ‘प्रजाती’ पटत नाही. पण ‘वाण’ ठेवावा तर तो पोरका वाटतो. जाणकारांनी सांगावे.

जुनाशब्द:
संपादकांचे ‘प्रजाती’ साफ चूक आहे. एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ या दोन प्रजाती म्हणता येतील. आपला प्रश्न त्यांच्या पोटातल्या भेदांचा आहे. संक्रांतीचे वाण हा शब्दच निराळा, तो ‘वायन’ म्हणजे व्रताच्या भेटीवरून आलेला आहे. आपल्याला हवा तो वाण ‘वर्ण’पासूनचा. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतला वाण तोच. रंगावरून जात ओळखायची, म्हणून बियाण्याचाही वाण झाला. म्हणीकडे पुन्हा पाहा, गोठ्यात शेजारी बांधल्याने काय लागते आणि काय लागत नाही याचाच तो विचार आहे. विषाणूसाठी याहून चांगला शब्द शोधू नये. मात्र ताई, ‘क्रमवारी’ बदला. क्रमवारी परीक्षेच्या निकालात लागते. इथे ‘क्रमनिर्धारण’ हवे.

कृष्णाकाठ:
‘वाण’ला माझे अनुमोदन आहे, आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्याकडे वाळवा तालुक्यात ‘लागण’ म्हणजे नव्याने लावलेला ऊस. सुरू लागण, आडसाली लागण आणि पुढे खोडवा. वाण आणि लागण हे दोन्ही शब्द बांधावरचे असताना अक्षरवेलताईंच्या वाक्यात ते शेजारी येऊन बसले, याचे मला फार अप्रूप वाटले. माझे वडील बेणेमळ्यातून दोन डोळ्यांचे टिपरे, म्हणजे लावायचा उसाचा तुकडा, हातात घेऊन फिरवत, अंगठ्याने डोळा चाचपत आणि पानाच्या देठावर कूस किती आहे ते पाहून वाण सांगत. विषाणूचे वाचन करणारे तरी याहून वेगळे काय करतात?

सूक्ष्मदर्शी:
मी पुण्यात विषाणूंच्याच कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कृष्णाकाठ यांचे वर्णन सुंदर आहे. पण नेमके तिथेच ‘वाण’ गळतो. टिपऱ्यातून उगवणारा ऊस आईसारखाच असतो, म्हणूनच को ८६०३२ हा उसाचा वाण आज लावला तरी को ८६०३२च राहतो. एचआयव्हीचे तसे नाही. त्याचा जनुकीय मजकूर साधारण ९,७०० अक्षरांचा आहे, आणि तो उतरवून काढणारे विकर आपल्या चुका तपासत नाही. त्यामुळे एकाच माणसाच्या शरीरात थोड्याथोड्या फरकाच्या असंख्य प्रती नांदतात. माणसाने निवडून स्थिर केलेला तो वाण. इथे स्थिर असे काहीच नाही. उलट ही अस्थिरताच आमचे साधन आहे. औषधे लागू पडतील का हे पाहण्यासाठी ‘पोल’ जनुकाचा तुकडा वाचतात, तेव्हाच त्याची इतरांच्या वाचनाशी तुलना करता येते. दोन वाचनांत १.५ टक्क्यापर्यंतच, म्हणजे हजार अक्षरांमागे जास्तीत जास्त पंधरा अक्षरांचा, फरक निघाला तर त्या दोन संसर्गांत जवळचे नाते असावे असे बऱ्याच अभ्यासांत धरतात. बदल कोणत्या गतीने साचतात हे ठाऊक असल्याने मागे मोजत जाऊन समान पूर्वज कधीचा हेही काढता येते, आणि बेनगाझीत तेच केले गेले. तिथला विषाणू ‘ए’ आणि ‘जी’ या उपप्रकारांच्या मिश्रणातून झालेला होता आणि त्याचे जवळचे नातलग पश्चिम आफ्रिकेत सापडत होते. भारतात प्रामुख्याने ‘सी’ उपप्रकार आढळतो. आमच्यात बोलताना सगळे ‘सबटाइप सी’ म्हणतात. ‘वाण’ म्हणताना मी कोणालाही ऐकलेले नाही.

जुनाशब्द:
आपण म्हणत नाही एवढ्यावरून शब्द बाद होत असेल, तर मराठीत विज्ञान लिहायला कधीच कोणी बसणार नाही. स्थिरतेचा मुद्दा मात्र मान्य करतो. मग ‘कुळी’ घ्या. त्यात पूर्वज आहे, शाखा आहेत, आणि पिढीगणिक होणारा बदलही सामावतो.

अक्षरवेल:
‘कुळी’ लिहिताना माझा हात थांबला. ‘शहाण्णव कुळी’ कानात बसलेले असताना एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाच्या विषाणूची ‘कुळी’ सांगायची, तर वाचक विषाणूची नव्हे, माणसाचीच कुळी शोधू लागेल.

समुपदेशिका:
अक्षरवेल यांची भीती खरी आहे, आणि मला ‘वाण’ किंवा ‘कुळी’पेक्षा याच गोष्टीची काळजी आहे. मी बारा वर्षे एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या केंद्रात, समुपदेशन केले. नवऱ्याच्या मृत्यूनंतर सासरच्यांनी ‘हिनेच घरात आणला’ म्हणून बाहेर काढलेली एक बाई माझ्यापुढे बसली होती. रक्ताची तपासणी कशासाठी आहे हे मी समजावत होते, आणि तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळत विचारले, ‘ताई, ह्या कागदावर कुणाकडून कुणाला गेला ते निघतं का?’ तिला ते निघायला हवे होते. मला ‘नाही’ म्हणावे लागले. सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेले नाते हे नातेच असते. कोणी कोणाला दिला ते केवळ त्यावरून ठरत नाही, कारण दोघांच्या मध्ये एखादा तिसरा असू शकतो, ज्याचे रक्त कोणी तपासलेलेच नाही. म्हणून या विषयावरच्या लेखांत सर्रास येणाऱ्या ‘माग काढला’ या प्रयोगाला माझा विरोध आहे. माग चोराचा काढतात. संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि आपण मात्र भाषेतून प्रत्येकाला पायाचे ठसे उमटवत पळणारा करून ठेवतो.

जुनाशब्द:
‘माग’ला चोर चिकटलेला नाही. तो सरळ ‘मार्ग’वरून आला आहे. हरवलेल्या गाईचाही माग काढतात. एकदोन संदर्भ नकोसे झाले म्हणून शब्द टाकू लागलो, तर कोश रिकामा होईल.

कृष्णाकाठ:
गाईचा माग काढणाराही ‘कोणी नेली’ हेच मनात धरून निघतो, हे गावात वाढलेला कोणीही सांगेल. ‘प्रसाराचा वेध घेणे’ चालेल का?

सूक्ष्मदर्शी:
समुपदेशिकाताईंचा मुद्दा या विषयाच्या इतिहासातच आहे. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या अभ्यासात, त्या राज्याबाहेरचा म्हणून एका माणसाच्या नोंदीला इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर लावले होते. ते पुढे शून्य म्हणून वाचले गेले, आणि अमेरिकेत एड्स आणणारा ‘पेशंट झिरो’ म्हणून त्याची बदनामी झाली. २०१६ साली १९७० च्या दशकातील जपून ठेवलेल्या रक्ताचे नमुने वाचले गेले, तेव्हा दिसले की विषाणू १९७० च्या सुमारासच कॅरिबियनमधून न्यू यॉर्कला पोचला होता. त्या माणसाच्या शरीरातला विषाणू या साथीच्या वंशवृक्षाच्या मुळाशी नव्हताच. तो मधल्याच एका फांदीवर होता. मराठी लेखांतून अजूनही ‘शून्य रुग्ण’ लिहिले जाते. एका अक्षराचे वाचन चुकले आणि त्याचा भार एका मृत माणसावर पडला. म्हणून मी ‘वेध’ला मत देतो.

जुनाशब्द:
‘वेध’ नेमबाजीचा आहे. माग नको आणि वेध चालतो, हे तर्काला धरून नाही.

समुपदेशिका:
सर, ग्रहणाचेही वेध असतात आणि सणाचेही लागतात. त्यात कोणी आरोपी नसतो.

अक्षरवेल:
सर्वांची मी ऋणी आहे. मजकूर पुन्हा वाचताना माझीच एक चूक सापडली. आरोपाच्या वाक्यात मी ‘लागण केली’ आणि त्याआधीच्या वाक्यात ‘लागण झाली’ लिहिले होते, आणि पुढे सवयीने तीन ठिकाणी ‘केली’च राहून गेले होते. कृष्णाकाठ यांच्याकडे लागण हाताने करतात. इथे ती झाली होती, आणि ती कोणी केलेली नव्हती हे सांगण्यासाठीच संशोधकांनी तो सगळा खटाटोप केला होता. त्या सहा जणांना २००७ च्या जुलैमध्ये लिबियातून बाहेर पडता आले. ती तीनही क्रियापदे दुरुस्त केली आहेत. ‘स्ट्रेन’ची जागा अजून मोकळी आहे, संपादकांना उद्या ‘उपप्रकार’ सुचवून पाहते, पण दोन उपप्रकारांच्या मिश्रणालाही उपप्रकारच म्हणायचे का, असे ते विचारतील.

कृष्णाकाठ:
आमच्याकडे त्याला संकरित म्हणतात.

जुनाशब्द:
संकरित काय? वाणच ना?