कळसूबाईला कधी जायचं? (देवपूर, धुळे – आमच्या सोसायटीचा ग्रुप)

क-४०२ (भाऊ): सगळ्यांना नमस्कार. पाऊस लागलाय. येत्या रविवारी कळसूबाई करायचं का? महाराष्ट्रातलं आणि अख्ख्या सह्याद्रीतलं सगळ्यात उंच शिखर. वर ढगात उभं राहायला मिळेल. आठ-दहा जण जमले तर गाडी ठरवू.

अ-२०४ (ताई): मी येते! पण आमचा लहाना नऊ वर्षांचा आहे, चालेल का?

ब-१०४ (काकू): जेवणाचं मी बघते. किती जण ते सांगा फक्त.

ब-३०१ (सेक्रेटरी): गाडीचं माझ्याकडे लागलं. मॅडम, तुम्ही दोनदा जाऊन आल्या आहात ना? सांगा काहीतरी.

क-२०३ (मॅडम): हो, दोनदा. एकदा ऑक्टोबरात, एकदा जुलैच्या रविवारी. म्हणूनच भाऊंना हात जोडून सांगते, येत्या रविवारी नको. लिहायला वेळ लागेल, कुकर लावून येते.

क-४०२ (भाऊ): मॅडम, पावसातच तर मजा असते.

क-२०३ (मॅडम): आले. आधी एक दुरुस्ती, शिक्षिका आहे म्हणून राहवत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच, हे बरोबर. पण सह्याद्रीची रांग खाली केरळपर्यंत जाते आणि तिथलं अनाईमुडी २६९५ मीटर आहे. तेव्हा आपलं शिखर राज्यात पहिलं, पूर्ण सह्याद्रीत नाही. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली यादी आठवा: कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७...

आता जुलैचं. आम्ही बारी गावातून सकाळी नऊला चढायला लागलो, तीच पहिली चूक. गावापुढे भातखाचरं ओलांडली की चढ सुरू होतो. तीन-चार ठिकाणी सरळसोट कातळ आहे, तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. शिड्या आहेत म्हटल्यावर सगळ्यांना वाटतं सोपं आहे, आणि म्हणून सगळे येतात. एका शिडीखाली आम्ही पाऊण तास पावसात उभे होतो. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर. मधोमध एक कॉलेजची मुलगी दांडा घट्ट धरून थिजली होती, वरही जाईना, खालीही येईना. तिच्या मागच्या माणसाने तिचा पाय हातात धरून एकेका पायरीवर ठेवला, तेव्हा रांग हलली. वर पोचलो तर दाट धुकं. देवळाचा कळस दहा पावलांवरून दिसेना. ज्या शिखरावरून अर्धा सह्याद्री दिसतो तिथे मला माझा नवराही नीट दिसत नव्हता.

उतरताना माझ्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला. चांगला दिसणारा बूट होता, दोन वर्षं कपाटात पडून होता, आतला डिंक वाळून गेला होता. प्रत्येक पावलाला सोल जिभेसारखा खाली लोंबायचा, खडकावर दुमडायचा आणि आत चिखल भरायचा. वाटेवर लिंबू सरबत विकणाऱ्या एका आजीने मला बसवलं. त्यांनी पोत्याची सुतळी काढली, सोलाखालून घेऊन वर तीन वेढे दिले आणि गाठ मुद्दाम बाजूला मारली. म्हणाल्या, "वर गाठ मारली तर बोटाला टोचंल." त्या सुतळीवर मी बारीपर्यंत उतरले. पैसे देऊ केले तर सरबताचेच घेतले.

अ-२०४ (ताई): बापरे. मग लहान्याला न्यायचं की नाही?

क-२०३ (मॅडम): न्या. पण पाऊस सरल्यावर. मुलं चांगली चढतात, दमतो आपण. शिडीवर नियम एकच: चढताना मूल पुढे आणि मोठं माणूस त्याच्या लगेच खाली. उतरताना आधी मोठ्याने उतरायचं, आणि मुलाने शिडीकडे तोंड करूनच यायचं, दरीकडे नाही. फोन खिशात, चेन लावून.

अ-३०३ (वकील साहेब): माझा वेगळा मुद्दा. नगर जिल्ह्यातलं शिखर बघायला सव्वादोनशे किलोमीटर जायचं, आणि आपलं अस्तंभा इथे नंदुरबारच्या सातपुड्यात उभं आहे. १३२५ मीटर. धनत्रयोदशीला किती लांबून लोक अश्वत्थाम्याच्या दर्शनाला चढतात. खान्देशच्या माणसाने आधी खान्देशचा डोंगर करावा.

क-२०३ (मॅडम): साहेब, तुमचं म्हणणं मला पटतं. अस्तंभ्याला मीही गेलेली नाही आणि त्याची मला खंत आहे. पण ती यात्रा आहे, रात्रीची चाल आहे, वाट माहीत असलेला सोबती हवा. त्याची तयारी निराळी. यंदा कळसूबाई करू आणि पाय तयार झाले की पुढच्या दिवाळीत तुम्ही आम्हाला अस्तंभ्याला न्या.

आणि कळसूबाईचा दगड परका नाही हो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्याचा हा बेसाल्ट. शिखर त्याचंच आणि आपल्या कपाशीची काळी माती त्याच खडकाची झीज. साक्रीकडे जाताना शिवारातून भिंतीसारखे दगडाचे लांबच लांब बांध गेलेले दिसतात ना, माणसाने बांधल्यासारखे? ते डाइक. जमिनीला पडलेल्या भेगांत लाव्हा शिरून गोठला, आजूबाजूचा खडक झिजला आणि भिंत उघडी पडली. या सगळ्या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला. कळसूबाई चढताना तो अर्थ मांड्यांना समजतो: एक उभा कातळ, मग थोडी सपाटी, पुन्हा कातळ.

ब-१०४ (काकू): देवीची गोष्ट पण सांगा ना मॅडम. माझ्या आईकडून ऐकली होती, अर्धी विसरले.

क-२०३ (मॅडम): बारीतले लोक सांगतात ती अशी. कळसू नावाची कोळ्याची मुलगी पाटलाकडे कामाला राहिली. तिची अट होती, सगळं करीन पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरात पाहुणे आले आणि तिला तेच काम सांगितलं. तिने ते केलं, पण लगेच निघाली आणि डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. जिथे भांडी घासली ते थाळेमेळ, जिथे केर काढला तो काळदरा, अशी ठिकाणंही दाखवतात. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. राज्यातल्या सगळ्यात उंच जागेवर जी बसली आहे ती कुणी राणी नाही. दिलेला शब्द मोडला म्हणून घर सोडून निघालेली एक कामकरी पोर आहे. वरचं देऊळ इतकं छोटं आहे की आत दोन-चार माणसंच मावतात. नवरात्रात तिथे जत्रा भरते.

ब-१०४ (काकू): मग नवरात्रातच जाऊ या की. मला ओटी भरायची आहे.

क-२०३ (मॅडम): काकू, नवरात्रात शिड्यांवर जुलैसारखीच गर्दी असते. दसरा होऊ द्या. ओटी कधीही पावते.

*(रात्री ११ नंतर)*

अ-१०२ (आप्पा): सगळं वाचलं. मी टायपिंग हळू करतो म्हणून आत्ता लिहितो. एसटीत असताना मी बरीच वर्षं धुळे–मुंबई गाडी चालवली. आपल्या दारावरून जातो तोच आग्रा रोड घोटीवरून जातो. मालेगाव सोडलं, राहूडचा घाट चढून चांदवड आलं की पाणीच बदलतं. इकडचं पाणी गिरणेतून तापीला, तिकडचं गोदावरीला. नाशिक मागे पडलं आणि घोटी जवळ आली की डाव्या हाताला ते डोंगर उभे राहतात. उजवीकडून कुलंग, मदन, अलंग आणि डावीकडे कळसूबाई. पहाटेची गाडी असली की मागून ऊन यायचं आणि टोक आधी उजळायचं. पॅसेंजरची पोरं विचारायची, मी स्टिअरिंगवरचा हात न काढता मानेने दाखवायचो. किती पोरांना दाखवला असेल मोजदाद नाही. पण गाडीला टाइम असतो, घोटीला उतरून कधी तिकडे गेलो नाही. माझं वय ६६. बीपीची गोळी चालू आहे. मना बी जीव व्हई ऱ्हायना, मलाही यावंसं वाटतंय. पण माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको.

अ-२०४ (ताई): आप्पा, तुमच्याशिवाय गाडी निघणार नाही.

ब-३०१ (सेक्रेटरी): आप्पा, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण जबाबदारीचा प्रश्न आहे. वर काही झालं तर? तिथून खाली आणायला डोलीशिवाय काय आहे?

क-४०२ (भाऊ): आप्पांसाठी मी मागे राहीन. खरंच. आणि रविवारचा हट्ट मी सोडला.

क-२०३ (मॅडम): सेक्रेटरी साहेबांची काळजी रास्त आहे. रात्रभर त्यावरच विचार केला, आता सकाळी लिहिते.

आप्पा, पहिलं काम म्हणजे तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि स्पष्ट विचारा, "आठ-नऊशे मीटरचा चढ, तीन-चार तास, जमेल का?" ते हो म्हणाले तरच पुढचं. मग दर रविवारी लळिंगचा किल्ला. घरापासून दहा-बारा किलोमीटर, याच आग्रा रोडवर. पहिल्या रविवारी अर्धा, दुसऱ्या रविवारी पूर्ण, मग पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन. चढताना बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा. दम लागून बोलणं तुटलं तर थांबायचं. आपल्या सगळ्यांनाच याची गरज आहे, एकट्या आप्पांना नाही. आपण २५० मीटर उंचीवरच्या सपाट गावात राहतो, लिफ्टने वर जातो. चढताना छाती भरते, पण दुसऱ्या दिवशी बसू देत नाहीत ते उतरताना मार खाल्लेले गुडघे. म्हणून लळिंग उतरायचाही सराव, पाऊल आडवं टाकून, काठी पुढे टेकून.

आणि पाऊस आपल्या ओळखीचा नाही हे लक्षात घ्या. धुळ्यात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो, कळसूबाईजवळच्या इगतपुरीला तीन हजारांच्या वर. समुद्रावरून आलेले ढग तिथे डोंगराला अडून रिते होतात, आपल्याकडे उरलंसुरलं येतं. आपला पावसाचा अंदाज तिथे चालत नाही.

ऑक्टोबरात जाऊ. दसऱ्यानंतरचा जो दुसरा शनिवार येईल तो. शुक्रवारी दुपारी निघायचं, रात्री बारीत मुक्काम. गावात घरगुती सोय होते, आधी सांगितलं की पिठलं-भाकरी करून देतात. शनिवारी पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन चढायला सुरुवात. पहिल्या दोन शिड्या कोवळ्या उन्हात होतात, नऊच्या आत वर. शेवटच्या टप्प्याआधी एक विहीर आहे, तिथे बसून दम खायचा. तरीही पाणी प्रत्येकी तीन लिटर खालूनच न्यायचं. दहाला उतरायला लागायचं, कुणी कितीही म्हटलं तरी.

हवा स्वच्छ असेल तर खाली भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो, १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण. त्यापलीकडे रतनगड, हरिश्चंद्रगड. उत्तरेला अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि नशीब असेल तर लांबवर सप्तशृंगी. थंडी धरून चला: आपल्यापेक्षा १४०० मीटर उंच म्हणजे नऊएक अंश कमी, वर वारा. एक जाड शर्ट पिशवीत हवाच.

आप्पांसाठी अजून एक. डोंगराच्या खालच्या टप्प्यावरही देवीचं छोटं देऊळ आहे, ज्यांना वर जमत नाही त्यांच्यासाठी. आप्पा, तिथे पोचल्यावर तुमचं शरीर काय सांगतं ते तुम्ही खरं सांगायचं. तिथून परत फिरलात तर दर्शन झालेलंच असेल, आणि भाऊ तुमच्याबरोबर खाली येतील.

अ-१०२ (आप्पा): मंजूर. डॉक्टरकडे उद्याच जातो. खरं सांगेन, शब्द देतो.

ब-३०१ (सेक्रेटरी): असं असेल तर माझी हरकत नाही. बारीतल्या मुक्कामाचं मी ठरवतो. वर नेलेला प्रत्येक कागद आणि बाटली खाली आणायची, पिशवी मी देईन.

ब-१०४ (काकू): मी दुधातल्या दशम्या करते, दोन दिवस नरम राहतात. शेंगदाण्याची चटणी कोरडी. कळण्याची भाकरी चढावर जड पडेल, ती शुक्रवारी रात्रीला. वाटेत माकडं असतात म्हणे, डबे पिशवीच्या आतच ठेवा.

अ-३०३ (वकील साहेब): मीही येतो. अस्तंभ्याचं लक्षात ठेवा मात्र.

क-४०२ (भाऊ): मॅडम, माझे ट्रेकिंगचे बूट चार वर्षं माळ्यावर आहेत. 😟

क-२०३ (मॅडम): आजच काढा. सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा, कडेला चीर दिसली तर मोच्याकडे न्या, शिवून घ्या. नुसतं चिकटवू नका. या रविवारी सकाळी पावणेसहाला गेटवर, लळिंगला. जे बूट वर नेणार तेच घालून या, सगळ्यांनी.

अ-१०२ (आप्पा): मी साडेपाचलेच येसू. निंबाची काठी सोलून ठेवली आहे, कुणाला हवी तर अजून दोन काढतो.

अ-२०४ (ताई): आप्पा, लहान्यासाठी एक. त्याच्या खांद्याएवढी.