शांत तट्टाणीला गाडी आणि स्वारी दोन्ही शिकवताना बरगड्यांवरच्या स्पर्शाबाबत मदत हवी आहे

नमस्कार,

माझ्याकडे सहा वर्षांची एक तट्टाणी आहे. तिची खांद्यापाशी उंची १२४ सेंटीमीटर असून वजन सुमारे २४० किलो आहे. स्वार आणि खोगीर यांचे मिळून वजन जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असू नये, हा सर्वसाधारण संकेत पाळला, तर तिच्या पाठीवर ४८ किलोंची मर्यादा येते. त्यामुळे माझी अकरा वर्षांची मुलगी तिच्यावर बसते, मी बसू शकत नाही. तिला दोन चाकांच्या हलक्या गाडीलाही जुंपता आले, तर मुलगी नसेल त्या दिवशी तिला चाल मिळेल आणि मलाही तिच्याबरोबर काम करता येईल, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गेले चार महिने मी लांब वाद्या धरून तिच्या मागे चालतो आहे. ‘चल’, ‘थांब’, ‘मागे’ हे शब्द ती चांगले ओळखते, आणि मुलगी पाठीवर असताना तेच शब्द उच्चारते, त्यामुळे दोन्ही कामांची भाषा एक राहिली आहे. छातीपट्टा, पाठीवरची गादी आणि शेपटीखालचा पट्टा तिने विनातक्रार स्वीकारला. जुने टायर आधी मी स्वतः तिच्या बाजूने ओढत नेले, मग मागून, आणि अखेरीस ते तिने ओढले. खडीवरचा खरखराट ऐकून तिचा फक्त एक कान मागे वळला.

अडचण पुढे आली. गाडीच्या दांड्यांची सवय व्हावी म्हणून मी दोन्ही बाजूंना दोन बांबू बांधले. सरळ चालताना काहीच झाले नाही. डावीकडे वळवताच मात्र उजवा बांबू तिच्या मागच्या बरगड्यांना आणि पुठ्ठ्याला टेकला, आणि ती अर्ध्या वळणावर थांबली. मान वर, नाकपुड्या ताणलेल्या, चारही पाय जमिनीत रोवल्यासारखे. पाहणारे म्हणाले, ‘किती गुणी आहे, हललीसुद्धा नाही.’ परंतु मी ‘चल’ म्हटल्यावर ती चालू लागली नाही, एकदम उसळून दोन पावले पुढे गेली आणि पुन्हा तशीच उभी राहिली. तो शांतपणा नव्हता, असे मला वाटते.

मुलीची टाच बरगड्यांना लागली की पुढे जायचे किंवा बाजूला सरकायचे, हे तिला शिकवलेले आहे. मग गाडीची दांडी तिथेच लागल्यावर तिने काय समजावे? स्वारीची शिकवण न बिघडवता हा भेद तिला कसा समजावून द्यावा? तसेच, स्वारीला आम्ही झापडे लावत नाही. गाडीसाठी ती लगेच लावावीत का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण तिचे ताठ उभे राहणे शांतपणा म्हणून सोडून दिले नाही, हे फार चांगले केले. शांत जनावर थांबते तेव्हा मान खाली येते, जबडा हलतो, एखादा मागचा पाय सैल पडतो. मान वर करून गोठलेले जनावर पुढच्या क्षणी उधळू शकते, आणि मागे गाडी असेल तर तिच्या धक्क्यांनी ते अधिकच भडकते.

टाच आणि दांडी यांतला मुख्य फरक असा की, टाच क्षणभर लागते आणि घोडीने प्रतिसाद दिला की दूर होते. दांडी मात्र तिने काहीही केले तरी वळण संपेपर्यंत टेकलेलीच राहते. आपली घोडी उत्तर शोधत होती, दाब जाईना, म्हणून ती गोठली. तेव्हा दांडीला उत्तर द्यायचे नसते, हे तिला वेगळे शिकवावे लागेल. ती उभी असताना बांबू हातात धरून तो तिच्या बरगड्यांवर आडवा, लांबीभर, हलकेच टेकवा. ती सरकली तर बांबूही तिच्याबरोबर सरकू द्या. मान खाली येऊन ती चघळू लागली की लगेच काढून घ्या, त्याआधी मात्र काढू नका. हे पुठ्ठ्यापर्यंत दोन्ही बाजूंना झाल्यावर चालताना करा. वळणे सुरू कराल तेव्हा बांबू बांधू नका. दोन माणसांनी ते दोन बाजूंनी धरावेत, म्हणजे ती घाबरली तर क्षणात सोडून देता येतील. टाच मात्र नेहमीच्याच जागी, तंगापाशी (खोगिराच्या पोटपट्ट्यापाशी), एकदाच लागावी, एवढे मुलीने सांभाळावे. खोगीर म्हणजे एक काम आणि गाडीचा साज म्हणजे दुसरे, हे घोडे लवकर ओळखतात. गाडीवरून आपली टाच पोहोचणार नाही, तिच्या जागी चाबकाच्या टोकाचा हलका स्पर्श असतो. तोही आताच, लांब वाद्यांवर असताना शिकवून ठेवा.

झापडांची घाई करू नये. रिकामी गाडी कुणीतरी ओढत तिच्या पुढून, बाजूने आणि मागून न्यावी, आणि ती तिने उघड्या डोळ्यांनी पाहावी. पुढे कधी झापड सरकलेच, तर मागची चाके तिला त्या दिवशी प्रथमच दिसता कामा नयेत. एक नियम कधीही मोडू नका: गाडी जुंपलेली असताना डोक्यावरचा साज काढायचा नाही, मिनिटभरासाठीसुद्धा नाही. जुंपताना एकाने तिच्या तोंडापाशी उभे राहावे. आधी ओढण्याच्या वाद्या अडकवाव्यात, मग गाडी थोपवणारा मागचा पट्टा. सोडताना क्रम उलटा.

धागाकर्ता

आपण इतक्या बारकाईने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे नऊ दिवस रोज दहा मिनिटे केले. डाव्या बाजूला तिसऱ्याच दिवशी तिने लांब श्वास सोडला, ओठ सैल केले आणि मागचा पाय टेकवून ती उभी राहिली. उजव्या बाजूला बांबू पुठ्ठ्याजवळ गेला की त्वचा अजूनही थरथरते आणि मान वर येते, म्हणून तिथून पुढे गेलो नाही. ही बाजू सैल होईपर्यंत मुलीची स्वारी चालू ठेवली तर चालेल का, की तोवर उजव्या टाचेचा वापर पूर्णपणे थांबवावा?