मथळा की शीर्षक? (वेबपानाच्या संदर्भात)

पाककृतींच्या साइटचं मराठीकरण चाललंय. प्रत्येक पानाला कोडमध्ये जो टायटल टॅग असतो, त्याला कुणी मथळा म्हणतं, कुणी शीर्षक. एकाने 'पृष्ठनाम' सुचवलंय. काय ठेवावं?

> 'पृष्ठनाम' नको, सरकारी परिपत्रकातच शोभेल. बाकीचे दोन्ही ठेवा, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. मथळा मजकुराच्या डोक्यावर बसतो. खाली मजकूर असतो, शेजारी फोटो असतो, म्हणून त्याला कोटी करणं परवडतं. 'पारी लई भारी' हा मोदकाच्या पानावर झकास मथळा आहे. टायटल टॅगमधला मजकूर मात्र पानाबाहेर वाचला जातो: ब्राउझरच्या टॅबवर, बुकमार्कमध्ये, गूगलच्या निकालांत. तिथे 'पारी लई भारी' वाचून कुणाला काय कळणार? तिथे हवं 'उकडीचे मोदक: पारी फाटू नये म्हणून उकड कशी काढावी'. याला मी शीर्षक म्हणेन. पदार्थाचं नाव आधी, कारण लांबलं की शेपूट कापलं जातं.

'मोदक, उकडीचे मोदक, मोदक रेसिपी, गणपती मोदक' असं सगळंच घातलं तर? लोक काहीही टाइप करतात.

> ही वाण्याची यादी झाली. गूगलही असल्या शब्दांच्या भरताडाला नको म्हणतं.

साठ अक्षरांत बसवा, असं सगळीकडे वाचलंय.

> ती इंग्रजीवाल्यांची फूटपट्टी. गूगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. स्क्रीनवर जेवढी रुंदी मिळते तेवढं दाखवतं. आणि मराठीत मोजणार कसं? 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो तिच्यात, सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. कागदावर एका अक्षराची जागा, मोजणी सहाची. त्यापेक्षा फोनवर शोधून बघा, कुठे कापलं जातंय ते दिसेल.

आमची जुनी शीर्षकं रोमन लिपीत आहेत. मजकूर मराठी.

> बदला. शीर्षकाची भाषा किंवा लिपी मजकुराशी जुळत नसेल, तर गूगल पानाशी जुळणारं दुसरं शीर्षक शोधू शकतं, हे त्यांनी २०२२ मध्ये जाहीर केलंय. पानावरचा ठळक मथळा हा त्यातला हाताशी असलेला पर्याय. म्हणजे तुमचं 'पारी लई भारी' थेट निकालांत जाऊन बसायचं! तेव्हा मथळ्यातही 'मोदक' हा शब्द असू द्या. कोटी नंतर करा हवी तर.

बरं, टॅगसाठी 'शीर्षक', पानावर दिसतो तो 'मथळा'. साइटचं नाव कुठे टाकू?

> शेवटी, उभी रेघ मारून. आणि मुख्य पानाचं शीर्षक नुसतं 'मुख्यपृष्ठ' ठेवू नका, कुणाचं मुख्यपृष्ठ ते कळत नाही.